झाडावर चढून काम करताना लॅन्यार्ड कोणता निवडावा आणि तो कसा वापरावा?

प्रश्न

नमस्कार. मी उंच झाडांवर चढून छाटणी करण्याचे आणि धोकादायक फांद्या उतरवण्याचे काम शिकत आहे. मुख्य दोर भक्कम बेचक्यातून घेऊन त्यावर चढणे, उतरणे आणि तोल सांभाळत फांदीवर चालत जाणे आता बऱ्यापैकी जमते. आतापर्यंत प्रशिक्षणातले सामायिक साहित्य वापरले. आता हार्नेसच्या, म्हणजे अंगावर बांधायच्या सुरक्षा-पट्ट्यांच्या, कंबरेजवळच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना अडकवून खोडाभोवती घ्यायचा आखूड दोर, म्हणजे लॅन्यार्ड, तरी स्वतःचा असावा असे वाटते, म्हणून चौकशी सुरू केली. परंतु त्याचे इतके प्रकार दिसले की नेमके कशावरून ठरवावे हे कळेना.

पहिली अडचण लांबीची आहे. काही जण ३ मीटर पुरे म्हणतात, तर काही जण ५ मीटरपेक्षा कमी घेऊच नये असे सांगतात. दुसरी अडचण साहित्याची. नुसता दोर घ्यावा की आत पोलादी तार असलेला घ्यावा? तारेचा लॅन्यार्ड करवतीने कापला जात नाही असे मी ऐकले आहे, आणि ते खरे असेल तर दुसरे काही घेण्याचे कारणच उरत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे लांबी कमी-जास्त करण्यासाठी प्रुसिकसारखी आवळणारी गाठ वापरावी की धातूचा ॲडजस्टर.

याशिवाय एक प्रश्न मला अधिक सतावतो. इमारतींच्या बांधकामावर काम केलेले माझे एक सहकारी म्हणतात की तिथे वापरतात तोच २ मीटरचा, शिवलेली ऊर्जाशोषक पुडी असलेला लॅन्यार्ड झाडावरही वापरावा; कारण तो पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठीच बनवलेला असतो, तर झाडावरचा लॅन्यार्ड तसा नसतो. त्यांचे म्हणणे पटण्यासारखे वाटते, आणि तरीही झाडावर काम करणाऱ्या कोणाकडे तसा लॅन्यार्ड मी पाहिलेला नाही. यामागचे कारण कोणी समजावून सांगेल का? आणि थोड्या वेळाच्या कामासाठी मुख्य दोर न लावता केवळ लॅन्यार्डवर भागवता येते का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपण शेवटी विचारलेला प्रश्न मी आधी घेतो, कारण लांबी, साहित्य आणि ॲडजस्टर या तिन्ही निवडी त्याच्या उत्तरातूनच निघतात.

लॅन्यार्ड या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या कामांची साधने ओळखली जातात. एक साधन पडणाऱ्या माणसाला झेलते. दुसरे माणसाला कामाच्या जागी टेकवून धरते, म्हणजे त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि पडण्याची वेळच येत नाही. युरोपीय मानकांत ही दोन कामे स्पष्टपणे वेगळी ठेवलेली आहेत. ऊर्जाशोषकासाठी ईएन ३५५ हे मानक आहे. त्यानुसार पडणाऱ्याला थांबवताना निर्माण होणारे बळ ६ किलोन्यूटनच्या आत राहिले पाहिजे आणि शोषकासह लॅन्यार्डची लांबी २ मीटरपेक्षा अधिक असता कामा नये. जागी धरून ठेवणारे पट्टे व लॅन्यार्ड ईएन ३५८ या मानकाखाली येतात. त्यांची ताकद तपासलेली असते, परंतु ते झेलण्यासाठी नसतात, आणि पडण्याचे अंतर अर्ध्या मीटरपलीकडे जाऊ शकेल अशा रीतीने ते वापरायचे नसतात.

अर्ध्या मीटरचा एवढा आग्रह का, हे आकड्यांवरून लगेच ध्यानात येते. साहित्यासह १०० किलो वजनाचा माणूस ६० सेंटिमीटर पडला आणि न ताणल्या जाणाऱ्या आखूड दोराने त्याला अवघ्या ५ सेंटिमीटरमध्ये थांबवले, असे समजू. सरळ हिशेब केला तर थांबवण्याचे सरासरी बळ सुमारे १२.७ किलोन्यूटन येते, म्हणजे माणसाच्या वजनाच्या जवळजवळ तेरापट. प्रत्यक्षात शरीर आणि पट्टे थोडे दबतात, त्यामुळे आकडा काहीसा खाली येतो. पण हे बळ कंबरेच्या बाजूच्या कड्यांवर येते आणि तिथून थेट पाठीच्या कण्यावर व बरगड्यांवर जाते. तेच थांबण्याचे अंतर ६० सेंटिमीटर मिळाले, तर सरासरी बळ २ किलोन्यूटनच्या आसपास राहते. ऊर्जाशोषक पुडी नेमके हेच करते: तिची शिवण उसवत जाते आणि थांबण्याचे अंतर वाढवते.

आता आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे पाहू. बांधकामावर त्यांचा लॅन्यार्ड योग्यच आहे, कारण तिथे पायाखाली सहसा मोकळी हवा असते. २ मीटरचा लॅन्यार्ड पायाच्या पातळीला अडकवला असेल, तर माणूस आधी ४ मीटर पडतो आणि त्यानंतर शोषक उसवण्याचे अंतर त्यात मिळवावे लागते; मानकाने त्यासाठी १.७५ मीटरपर्यंत मुभा दिलेली आहे. त्याखाली थोडी राखीव जागा धरली तर ६ मीटरहून अधिक जागा पूर्णपणे मोकळी हवी. झाडात एवढी मोकळी जागा मिळत नाही. शोषक पुरता उघडण्याआधीच माणूस खालच्या फांदीवर, खुंटावर किंवा खोडावर आदळतो. शिवाय तो लॅन्यार्ड कामाच्या वेळी आखूड करता येत नाही. त्यावर रेलून उभे राहता येत नाही, त्यामुळे करवत चालवणारा माणूस तोल सांभाळण्यातच अर्धी शक्ती घालवतो. झेलणे बाजूला ठेवून पडूच न देण्याच्या पद्धतीने झाडावरचे काम उभे राहिले आहे, त्याचे कारण हे आहे.

म्हणून लॅन्यार्ड कोणताही असो, त्यात झोल राहू देऊ नये. तो कंबरेच्या पातळीला किंवा तिच्या वर असावा आणि आपण त्यावर हलकेसे रेललेले असावे. लॅन्यार्ड गुडघ्याखाली गेलेला असताना वरची फांदी गाठण्यासाठी उंच होणे, ही मला सर्वांत अधिक दिसणारी आणि सर्वांत अधिक अस्वस्थ करणारी सवय आहे. त्या क्षणी माणूस बांधलेला असूनही असुरक्षित असतो.

केवळ लॅन्यार्डवर भागवावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. उभ्या, गुळगुळीत खोडाभोवती नुसता फिरवलेला लॅन्यार्ड आपल्याला खोडाशी धरून ठेवतो, तो केवळ आपण मागे रेललेलो असतो आणि पाय खोडावर टेकलेले असतात म्हणून. पाय निसटले की ताणाची दिशा बदलते, वेढा ढिला पडतो आणि लॅन्यार्ड आपल्यासह खोडावरून खाली घसरतो. खाली एखादी जाड फांदी किंवा बेचका असेल तर तो तिथे अडकेल. नसेल तर काहीच अडवणार नाही. दुसरे कारण करवतीचे आहे. झाडावर चेनसॉ (साखळीची यंत्रकरवत) चालवताना माणूस दोन साधनांनी बांधलेला असावा, असे अमेरिकेतील वृक्षकामाचे आन्सी झेड१३३ हे मानक सांगते, कारण एकावर चुकून पाते लागले तर दुसरे शिल्लक राहिले पाहिजे. मुख्य दोर आणि लॅन्यार्ड ही ती दोन साधने होत.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. लांबी, साहित्य आणि ॲडजस्टर यांविषयी थोडे लिहितो.

लांबीचा हिशेब घरबसल्या करता येतो. खोडाच्या मागच्या अर्ध्या भागाला दोर बिलगतो आणि तिथून त्याच्या दोन्ही बाजू आपल्या कंबरेपर्यंत येतात. ८० सेंटिमीटर व्यासाच्या खोडासाठी मागचा अर्धा घेर सुमारे १२६ सेंटिमीटर होतो. खोडाच्या कडेपासून कंबरेपर्यंत, आपण पोटापासून हातभर अंतर राखून उभे आहोत असे धरले, तर प्रत्येक बाजूला साधारण ८५ सेंटिमीटर लागतात. बेरीज ३ मीटरच्या जवळ जाते, आणि लॅन्यार्ड झटक्याने वर फेकण्यासाठी व पकडण्यासाठी शेपटीची, म्हणजे मोकळ्या टोकाची, लांबी त्यावर वेगळी. आपण बहुतांशी कोणत्या जाडीच्या खोडांवर काम करता ते मोजा आणि त्यानुसार ठरवा. माझ्या मते मध्यम झाडांसाठी ४ मीटर ही सोयीची लांबी आहे, आणि विशाल बुंध्यांसाठी ५ मीटरचा वेगळा लॅन्यार्ड असावा. गरजेपेक्षा लांब शेपूट ही नुसती गैरसोय नाही. ती करवतीच्या पात्याजवळ लोंबते, कापलेल्या फांदीत गुंतते आणि फांदीबरोबर माणसालाही ओढते. शेपूट कंबरेच्या पिशवीत भरून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, आणि तिच्या टोकाला जाड गाठ किंवा शिवलेला थांबा असलाच पाहिजे. नाहीतर सैल सोडताना ॲडजस्टर दोरावरून निसटून जातो.

साहित्याबाबत सांगायचे तर झाडावरच्या लॅन्यार्डला पॉलिएस्टरचे आवरण मला सर्वांत भरवशाचे वाटते. ओले झाल्यावर नायलॉनची ताकद काही प्रमाणात घटते, पॉलिएस्टरची जवळपास तेवढीच राहते. पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे घर्षणाची उष्णताही ते बऱ्यापैकी सोसते. वजनाला हलके आणि ताकदीला जबरदस्त असे डायनिमासारखे धागे मात्र १५० अंशांच्या आसपासच वितळतात. त्यामुळे जिथे गाठ सतत घासत राहते तिथे ते उघडे असणे मला मान्य नाही. ॲरामिड धागा वितळत नाही, म्हणून गाठीच्या आखूड दोरात तो चांगला चालतो. पण सूर्यप्रकाशाने आणि वारंवार दुमडण्याने त्याची ताकद ओसरते, आणि ही झीज वरून लवकर दिसत नाही. दोर साधारणपणे ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा घ्यावा आणि ॲडजस्टरवर छापलेल्या जाडीच्या मर्यादेतच तो बसतो ना, हे आधी पाहावे.

पोलादी तारेविषयी आपण जे ऐकले आहे त्यात अर्धेच तथ्य आहे. हातकरवतीचा ओझरता फटका तार बऱ्याच वेळा निभावून नेते. चालत्या चेनसॉपुढे मात्र तिचा भरवसा नाही. साखळी तारही तोडू शकते. तारेचा खरा उपयोग ताठपणात आहे. जाड बुंध्यामागून लॅन्यार्ड फिरवून दुसऱ्या हाताने पकडायचा असतो, तेव्हा मऊ दोर सालीला चिकटून गळून पडतो, तर तारेचा लॅन्यार्ड झटका देताच वळसा घेऊन समोर येतो. त्याची किंमत वजनात मोजावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तार विजेची वाहक आहे. विजेच्या तारांच्या आसपास ती अजिबात वापरू नये. याचा अर्थ नुसता दोर तिथे सुरक्षित आहे असाही नाही, कारण ओला किंवा मळलेला दोर वीज वाहून नेऊ शकतो. तिथे वीजप्रवाह बंद करून घेणे हाच मार्ग आहे.

ॲडजस्टर निवडताना मी एकच कसोटी लावतो: लॅन्यार्डवर पूर्ण भार असताना तो हाताने हळूहळू सैल करता येतो का? दात असलेल्या किंवा कॅमने (दोर दाबून धरणाऱ्या फिरत्या तुकड्याने) घट्ट चावणाऱ्या अनेक पकडी भार निघाल्याशिवाय सुटत नाहीत. पाय घसरून माणूस लॅन्यार्डवर लटकला, टेकायला फांदी नसली, तर त्याला स्वतःला वर उचलून घेतल्याशिवाय हलता येत नाही. जखमी असेल तर तेही शक्य नसते आणि वाचवायला आलेल्या सोबत्याचेही हात बांधले जातात. भार असताना नियंत्रितपणे दोर सोडणारे धातूचे ॲडजस्टर उपलब्ध आहेत, ते घ्यावेत. गाठ वापरायची असेल तर साधी प्रुसिक जोरात आवळली जाते आणि मग हलवणे जिकिरीचे होते. तिच्याच प्रकारची, दोराभोवती वेढे घेणारी डिस्टेल किंवा व्हीटी ही गाठ, खाली छोटी कप्पी लावून, एका हाताने सरकवता येते आणि भारावरही सोडता येते. नव्याने शिकणाऱ्याने गाठ बांधून प्रत्येक वेळी जमिनीपासून फूटभर उंचीवर तिच्यावर वजन टाकून पाहावे. गाठीच्या दोराची जाडी, त्याचा मऊपणा आणि वेढ्यांची संख्या यांपैकी एक गोष्ट जरी बदलली, तरी तीच गाठ कधी धरत नाही आणि कधी सुटत नाही.

प्रतिसाद ३

वर तारेच्या लॅन्यार्डविषयी जे लिहिले आहे त्यात मी थोडी भर घालू इच्छितो, कारण माझे काम मुख्यतः मेलेली व तोडायची झाडे वरून तुकड्या-तुकड्याने उतरवण्याचे आहे. पायांना काटे लावून सरळसोट खोडावर चढताना मला तारेचाच लॅन्यार्ड योग्य वाटतो, आणि त्याच्या वजनाची तक्रार तिथे गौण ठरते. जिवंत राखायच्या झाडावर काटे लावू नयेत हे सर्वांना माहीत आहेच; त्यामुळे छाटणी हेच ज्यांचे काम आहे त्यांना तारेची गरज क्वचित पडेल.

फांद्या नसलेल्या खोडावर लॅन्यार्ड घसरण्याचा जो धोका पहिल्या प्रतिसादात सांगितला आहे, त्यावर उपाय असा की त्याचा नुसता वेढा न ठेवता सरफास करावा, म्हणजे पाय निसटताच तो खोडाभोवती आवळला जातो. मुख्य दोरही खोडाभोवती अशाच आवळणाऱ्या पद्धतीने लावावा आणि तो खालून सोडवता येईल अशी व्यवस्था ठेवावी. शेंडा उडवण्याआधी लॅन्यार्ड आणि मुख्य दोर हे दोन्ही कापाच्या पुरेसे खाली आहेत ना, हे डोळ्यांनी आणि हातांनी तपासावे.

एका धोक्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. पुढे झुकलेल्या खोडाचा शेंडा कापताना पुढचा काप उथळ राहिला किंवा मागचा काप संथ गतीने दिला, तर खोड उभे चिरत खाली येऊ शकते. चिरलेले खोड फाकते, त्याचा घेर वाढतो, आणि त्याच्याभोवती घट्ट बांधलेला लॅन्यार्ड माणसाला खोडावर चिरडतो. तारेचा लॅन्यार्ड अशा वेळी तुटतही नाही. म्हणून खोड तिरके असेल, लाकूड उभे फाटणाऱ्या जातीचे असेल किंवा आत भेग दिसत असेल, तर त्या झाडाला बांधून घेऊन शेंडा कापूच नये. शेजारच्या भक्कम झाडावर मुख्य दोर लावता येतो का किंवा यांत्रिक शिडीच्या पाळण्यातून काम करता येते का, ते आधी पाहावे. तसे शक्य नसेल तर कापाच्या खाली खोडाला पट्टे आवळून बांधणे आणि लहान लहान तुकडे घेणे, एवढे तरी करावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. बांधकामावरच्या लॅन्यार्डविषयीची माझी शंका पूर्णपणे फिटली आणि मी ती माहिती सहकाऱ्यांनाही वाचून दाखवली. आता दोन गोष्टी अधिक विचारतो. वर चढताना मध्ये फांदी आली की लॅन्यार्ड सोडून तिच्या वर लावावा लागतो. तेवढ्या क्षणापुरते आपण एकाच साधनावर असतो, हे टाळता येते का? आणि लॅन्यार्ड दोन्ही बाजूंच्या कड्यांनाच लावावा, की कधी पुढच्या मधल्या जोडबिंदूलाही लावतात?

प्रतिसाद १

टाळता येते, आणि टाळावेच. त्यासाठी दोन मार्ग आहेत. मुख्य दोर आपल्या डोक्याच्या बराच वर, भक्कम बेचक्यात लागलेला असेल, तर लॅन्यार्ड हलवताना आपण त्या दोरावर पूर्ण भाराने बसलेले असावे. नुसता दोर जोडलेला असणे पुरेसे नाही, त्यात झोल नसला पाहिजे. मग लॅन्यार्ड सोडून फांदीच्या वर घ्यावा, त्यावर रेलून तो धरतो याची खात्री करावी आणि त्यानंतरच गरज असल्यास मुख्य दोर वर न्यावा. दुसरा मार्ग दुहेरी टोकांच्या लॅन्यार्डचा आहे. एकाच लांब दोराच्या दोन्ही टोकांना कॅराबिनर (उघडणारे दार असलेली धातूची कडी) असतात आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या आखूड करता येतात. खालचा वेढा तसाच ठेवून दुसरे टोक फांदीच्या वरून फिरवून लावायचे, ताणायचे आणि मग खालचा वेढा सोडायचा. मुख्य दोर नुकताच वर न्यायचा असतो किंवा दाट फांद्यांमध्ये तो नीट सरकत नाही, तेव्हा या लॅन्यार्डची किंमत कळते. आपण पहिलाच लॅन्यार्ड घेत आहात, तर मी दुहेरी टोकांचाच सुचवीन.

जोडबिंदूविषयी असे की बाजूची कडी जोडीने वापरण्यासाठी असतात. खोडासमोर उभे राहून दोन्ही कड्यांमध्ये भार विभागला की कंबर स्थिर राहते आणि हात मोकळे मिळतात. आडव्या फांदीच्या टोकाकडे गेल्यावर मात्र खोडाभोवती वेढा घेण्याचा प्रश्न नसतो; तिथे लॅन्यार्ड फांदीभोवती घेऊन त्याची दोन्ही टोके पुढच्या मधल्या जोडबिंदूला, म्हणजे हार्नेस बनवणाऱ्याने टांगून राहण्यासाठी दिलेल्या कड्याला, जोडणे अधिक सोयीचे होते. एकाच बाजूच्या कड्यावर पूर्ण भाराने लटकणे चुकीचे आहे, कारण त्याने शरीर वाकडे फिरते आणि हार्नेसच्या एका बाजूवर अकारण ताण येतो. साहित्य अडकवण्यासाठी हार्नेसवर जे छोटे फास असतात ते पुष्कळदा बाजूच्या कड्यांच्या अगदी जवळ असतात. जाड हातमोजे घातलेल्या हाताला दोन्ही सारखेच लागतात, म्हणून कॅराबिनर लावल्यावर तो कशात अडकला आहे हे मान वळवून प्रत्यक्ष पाहावे आणि मगच मागे रेलावे.

कॅराबिनरचाही उल्लेख करतो. त्याचे दार आपोआप मिटणारे आणि आपोआप कुलूपबंद होणारे असावे, आणि ते उघडण्यासाठी एकापाठोपाठ एक अशा किमान दोन जाणीवपूर्वक क्रिया कराव्या लागाव्यात, म्हणजे फांदीवर घासून ते उघडत नाही. जुन्या पद्धतीचे, अंगठ्याने एकदा दाबताच उघडणारे हुक कड्यावर पिळले जाऊन निसटू शकतात. ते झाडावर नेऊ नयेत. भार नेहमी कॅराबिनरच्या लांबीच्या दिशेने यावा. तो आडवा फिरला किंवा त्याचे दार फांदीच्या काठावर दाबले गेले, तर अंगावर कोरलेल्या ताकदीचा थोडासाच भाग हाती उरतो. टोकाच्या फासात रबराची अंगठी किंवा घट्ट शिवण असेल तर कॅराबिनर सहसा आडवा फिरत नाही.

प्रतिसाद ४

तपासणीविषयी अद्याप कोणी लिहिलेले नाही, म्हणून ते काम मी करतो. निवड कितीही उत्तम असली तरी लॅन्यार्ड झाडावर रोज सालीला, खुंटांना आणि पात्याला सामोरा जातो.

दररोज काम सुरू करण्याआधी पूर्ण लॅन्यार्ड बोटांमधून सावकाश सरकवावा. डोळ्यांना न दिसणारे बोटांना कळते: एखादी जागा इतरांपेक्षा मऊ, पोकळ किंवा कडक लागणे म्हणजे आतल्या गाभ्याला इजा झाल्याचे लक्षण आहे. आवरणावर चकचकीत, कडक पट्टा दिसला तर तिथे घर्षणाने धागे वितळलेले असतात. गाठ किंवा ॲडजस्टर ज्या हातभर पट्ट्यात रोज बसतो तो पट्टा सर्वांत आधी झिजतो, म्हणून तिथे अधिक वेळ द्यावा. टोकाच्या शिवणीचे टाके प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकलेले असतात. आवरण सरकत असेल तर ते मागे घेऊन टाके पाहावेत. तारेच्या लॅन्यार्डला थोडा वाक देऊन पाहावे. एका जागी तो अचानक सहज मुडपत असेल, गाठीसारखा फुगवटा असेल किंवा एखादी तार आवरणातून टोचत असेल, तर तो त्याच दिवशी बाद करावा. कॅराबिनरचे दार सोडताच पूर्ण मिटले पाहिजे. झाडाचा डिंक आणि बारीक भुसा बिजागरीत साचून ते अर्धवट उघडे राहते, आणि हा दोष कॅराबिनर नवा असतानाही उद्भवतो.

या रोजच्या पाहणीव्यतिरिक्त ठरावीक काळाने जाणकार व्यक्तीकडून सविस्तर तपासणी करून तिची लेखी नोंद ठेवावी. ब्रिटनमधील १९९८ सालच्या उचल-साधनांच्या नियमांनुसार माणसाला उचलणाऱ्या साधनांची अशी तपासणी दर ६ महिन्यांनी अपेक्षित असते, आणि तेच अंतर इतरत्रही पाळण्याजोगे आहे. नोंद ठेवायची तर प्रत्येक लॅन्यार्डचा क्रमांक आणि निर्मितीचे वर्ष वाचता आले पाहिजे, म्हणून लेबल कधीही कापून टाकू नये. धाग्यांच्या साधनांना निर्माते कमाल आयुष्य देतात, ते बहुधा निर्मितीपासून १० वर्षे असते. ती वरची मर्यादा आहे. रोज वापरात असलेला लॅन्यार्ड त्याच्या कितीतरी आधी बाद होतो.

डिंक आणि चिखल लागला तर कोमट पाण्यात, ३० अंशांच्या आत, सौम्य साबणाने धुवावे आणि सावलीत वाळवावे. डिंक काढण्यासाठी पेट्रोल किंवा रंगाचे द्रावण वापरू नये. चेनसॉचे तेल आणि इंधन ज्या पेटीत असते त्या पेटीत लॅन्यार्ड ठेवू नये, आणि गाडीच्या बॅटरीजवळ तर मुळीच नाही. बॅटरीतील आम्लाने नायलॉनची मोठी हानी होते आणि कित्येकदा दोराचा रंगही बदललेला दिसत नाही.

बचावाविषयी वर जे आले आहे त्याला एक जोड देतो. माणूस झाडावर असताना खाली असा सोबती असावा, जो स्वतः चढू शकतो आणि ज्याच्याकडे चढाईचे दुसरे साहित्य तयार आहे. त्या सोबत्याने आपला लॅन्यार्ड आणि त्याचा ॲडजस्टर आधी हाताळलेला असावा. बेशुद्ध माणसाला उतरवताना त्याचा लॅन्यार्ड भारावर सोडवणे ही पहिल्या काही कृतींपैकी एक असते, आणि अनोळखी ॲडजस्टरची कळ कुठल्या बाजूला दाबायची हे शोधण्यात तिथे वेळ जाऊ नये. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाची प्रकृती काही मिनिटांतच बिघडू शकते.

बाद केलेला लॅन्यार्ड कोपऱ्यात टाकून न देता त्याचे हातभर लांबीचे तुकडे करावेत. अखंड राहिला तर कोणीतरी तो फांद्या ओढायला नेतो, आणि काही दिवसांनी दुसरा कोणी चांगला समजून तोच कंबरेला लावतो.